खडवलीला जायचं राहिलं

शांतवनदादा साळवे प्रार्थना करायला लागले की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि आमेन म्हणून डोळे उघडले की डोक्यात तिडीक जायची. दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत, आणि कितीतरी वर्षं. दादा जाऊनही आता बराच काळ झाला. त्यांच्यावर लिहायला बसले आहे ती मात्र तिडीक घेऊनच, हे आधीच सांगून टाकते.

ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत ते तळमजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या मजल्यावर. आमची मराठी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान, सगळे सगळ्यांना ओळखणारे. दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. सतरंजी अंथरायची, दोन गीतं म्हणायची, मग एकेकाने आपली विनंती सांगायची. कुणाच्या मुलाला नोकरी, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न. मी मंडळीची सेक्रेटरी, म्हणून या विनंत्या वहीत लिहून घ्यायचं काम माझं. आणि शेवटची प्रार्थना शांतवनदादांची, हे कुणी न ठरवता ठरलेलं. त्यांना वही लागत नसे. पंधरा विनंत्या त्यांच्या पंधराच्या पंधरा लक्षात असत, त्या माणसांच्या सासूसासऱ्यांच्या नावांसकट. आवाज खालचा, शब्द साधे, घाई अजिबात नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपलं काम झालं.

तिथेच सगळी गोची होती. दादांनाही तसंच वाटायचं.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते स्टोअरला होते. ती बंद पडली आणि दादा 'सध्या घरी' बसले. हे 'सध्या' अकरा वर्षं चाललं. वत्सलावहिनी एका खासगी रुग्णालयात आयाचं काम करायच्या, पुष्कळदा डबल ड्युटी. दादा सकाळी आंघोळ करून पांढरा शर्ट घालायचे, केसांना तेल लावून चापूनचोपून भांग पाडायचे आणि दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला 'जय ख्रिस्त'. नोकरीचं काय झालं दादा, असं कुणी विचारलं की चेहरा प्रसन्न व्हायचा आणि एकच उत्तर यायचं.

"प्रार्थनेत ठेवलंय."

नोकरी प्रार्थनेत, रेशनकार्डावरचं नाव प्रार्थनेत, मोतीबिंदूची तपासणी प्रार्थनेत. इतकंच काय, मोरीतला गळका नळसुद्धा. त्या नळाखाली एक हिरवी बादली कायमची ठेवलेली असे. एका वॉशरचं काम. मी एकदा न राहवून बोलले.

"दादा, कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. मी आणून देऊ का?"

"अगं शालिनी, असू दे. याच पाण्यानं तुझी वहिनी लादी पुसते. प्रभू काही वाया जाऊ देत नाही."

"प्रभूने दोन हातपण दिलेत, दादा."

ते मनापासून हसले. राग हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता, आणि भांडायला आलेल्या माणसाची त्यामुळे फार पंचाईत व्हायची. "बरोबर बोललीस," म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी आपल्याकडेच आहे. यावरच बोलतो."

आणि बोलले. देवाने माणसाला हात का दिले यावर वीस मिनिटं बोलले. सुताराच्या घरात वाढलेल्या येशूच्या हातांबद्दल असं काही बोलले की शेजारच्या दोन बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. मोरीला लागून मी बसले होते. त्या वीस मिनिटांत बादली अर्धी भरली.

आता कुणी म्हणेल, माणूस आळशी होता, सोडून द्या. तसं सरळ असतं तर मीही सोडून दिलं असतं. पण दादा हाकेला कधी नाही म्हणाले नाहीत. डोंबिवलीला कुणी आजारी आहे म्हटलं की निघाले. कळव्याला कुणाचं बाळ काचेच्या पेटीत आहे, निघाले. दिवसातून दोन-दोन ठिकाणी, उन्हातान्हात, चप्पल झिजेपर्यंत. माझी आई शेवटच्या आजारात कळव्याला दाखल होती तेव्हा ते नऊ दिवस रोज आले. आईला झोप लागत नसे. ते तिचा हात धरून हळू आवाजात बोलत राहायचे, आणि ती झोपायची. त्या नऊ दिवसांसाठी मी त्यांना काय वाटेल ते माफ केलं असतं. किंबहुना बरीच वर्षं केलंच.

पण हळूहळू माझ्या लक्षात आलं. आळस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लोळत पडलेला माणूस येतो. दादांचा आळस सकाळी सहाला उठून, शर्ट इस्त्री करून दुसऱ्यांच्या कामाला जायचा. जे काम गोड वाटतं, ज्याच्या शेवटी लोक हात हातात घेऊन 'तुमच्यामुळे धीर आला' म्हणतात, ते ते करायचे. जिथे रांग आहे, खिडकीपलीकडे तुसडा माणूस आहे, 'उद्या या' आहे, तिथे ते देवाला पाठवायचे.

घोडबंदरला एका सोसायटीत सुपरवायझरची जागा होती. मी ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकला, सकाळी अकराची वेळ घेतली. साडेअकराला त्या माणसाचा मला फोन, तुमचे साळवे आलेच नाहीत. मी दादांना फोन लावला. मागे टाळ्या आणि गाणं.

"अगं, मी डोंबिवलीला आलोय. इथे एका नव्या घराचं समर्पण आहे. रात्री त्यांचा फोन आलेला, नाही कसं म्हणणार? तू सांग ना त्यांना, उद्या येतो म्हणून."

जागा दुपारपर्यंत भरली. संध्याकाळी दादा जिन्यातच भेटले. हातात समर्पणाच्या जेवणातला बिर्याणीचा डबा. "तुझ्यासाठी आणलाय," म्हणाले. मी घेतला नाही. आता वाटतं, तेवढ्याने काय झालं? त्यांनी तो शांतपणे समोरच्यांना दिला.

हे सगळं एक वेळ चाललं, कारण भोगणारे ते आणि वहिनी, दोघं मोठी माणसं. पण घरात करुणा होती.

करुणा त्यांची एकुलती मुलगी. बारावीला चांगले गुण मिळवून, परीक्षा देऊन, कल्याणच्या बाजूच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचं नाव लागलं. वहिनींनी आख्ख्या वसाहतीत पेढे वाटले. आपण ज्या वॉर्डात फरशा पुसल्या तिथे आपली मुलगी पांढऱ्या कपड्यांत सिस्टर म्हणून उभी राहील, हे त्या बाईने किती वर्षं मनात धरलं होतं ते मला ठाऊक आहे. फक्त एक कागद कमी होता, डोमिसाईलचा. महिनाअखेरपर्यंत तो दिला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. करुणा सेतू केंद्रात गेली तर तिथल्या माणसाने वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. कुठल्या कागदाला कुठला कागद लागतो हे त्या खिडकीपलीकडच्यांनाच माहीत. दादांचा दाखला कधीच गहाळ झालेला. त्यांची शाळा खडवलीला, बालपण तिथेच गेलेलं. दुसरी प्रत काढायची तर त्यांनी स्वतः जाऊन अर्ज करायचा, प्रतिज्ञापत्र जोडायचं, सही करायची. करुणा किंवा वहिनी जाऊन उपयोग नव्हता.

हातात चार आठवडे होते. ठाण्याहून खडवली म्हणजे काही यरुशलेम नव्हे. गाडीत बसलं की तासाभरात माणूस पोचतो.

पहिल्या शुक्रवारी करुणाने विनंती सांगितली, मी वहीत लिहिली. दादांनी प्रार्थना केली. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा. मी जिन्यात विचारलं, "दादा, जाऊन आलात का खडवलीला?"

"या आठवड्यात जातोच. काल निघालेलो, पण कळव्याच्या मावशींना पुन्हा अ‍ॅडमिट केलंय ना, तिकडे गेलो."

तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी मुलीसाठी अशी प्रार्थना केली की करुणा स्वतः रडली. "प्रभू, बंद दारं तू उघड," म्हणाले. मी डोळे मिटून दात आवळत होते. बंद काय आहे? शाळा साडेदहाला उघडते.

आणि इथे मला माझंही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी स्वतः एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. जुन्या विद्यार्थ्याला दाखल्याची दुसरी प्रत कशी मिळते, अर्जात काय लिहायचं, हे मी झोपेतही सांगीन. त्या महिन्यात मला दोन शनिवार सुटी होती. मी दादांना हाताला धरून नेऊ शकले असते. त्याऐवजी मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'करुणाच्या प्रवेशासाठी', आणि वही मिटली. आमच्या मंडळीत हे असंच होतं. एकदा विनंती वहीत गेली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, की प्रत्येकाला वाटतं आपण आपला वाटा उचलला. त्या खोलीत वीस माणसं होती. त्या वीस जणांतल्या एकानेही 'दादा, उद्या सकाळी मी येतो तुमच्याबरोबर' असं म्हटलं नाही.

शेवटच्या दिवशी करुणा बाकीचे कागद घेऊन कॉलेजात गेली. तिथल्या बाईंनी चार वाजेपर्यंत तिला बसू दिलं. मग पुढच्या मुलीला आत बोलावलं.

ती घरी आली तेव्हा मी खाली त्यांच्याकडेच होते. तिने फाइल कपाटावर ठेवली, तोंड धुतलं आणि कुकर लावला. वहिनी ड्युटीवरून आल्या, त्यांना मी सांगितलं, कारण कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. दादा म्हणाले, "वत्सला, प्रभूची काहीतरी वेगळी योजना..."

"तुम्ही आज काही बोलू नका," वहिनी म्हणाल्या. "मला आज ऐकू येत नाही."

पुढे आठवडाभर त्या घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. करुणा नाक्यावरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायला लागली. शुक्रवारी दादा प्रार्थनेला आले, पण शेवटची प्रार्थना तुम्ही कुणीतरी करा म्हणाले. असं आधी कधीच झालं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायची, वेळ आली आणि दादा उठले. लोक जरा सावरून बसले, कारण दादांची साक्ष म्हणजे पंधरा मिनिटं आणि ऐकण्यासारखी. ते पुढे गेले नाहीत. बाकाजवळच उभे राहिले.

"करुणाची अ‍ॅडमिशन गेली. मला खडवलीला जायचं होतं. मी गेलो नाही."

सगळे वाट पाहत राहिले. पुढे काही कारण येईल असं मलाही वाटलं. काही जुनं दुखणं, शाळेतला अपमान, गावाशी वितुष्ट, काहीतरी. कारण असतं तर मला बरंच वाटलं असतं.

"मी कंटाळा केला," दादा म्हणाले.

आमचे पाळक भले गृहस्थ. त्यांना ती शांतता सोसेना. ते पुढे होऊन म्हणाले, "शांतवनदादा, मनाला लावून घेऊ नका. प्रत्येक गोष्टीची प्रभूची एक वेळ असते."

"नाही पास्टर. प्रभूची वेळ बरोबर होती. चार आठवडे दिलेले त्याने. त्याला यात आणू नका. हे माझं आहे."

आणि बसले.

मग आमच्या मंडळीने जे करायचं ते केलं. रडलो. पाळकही रडले. उपासना संपल्यावर एकेक जण येऊन दादांना मिठी मारत होता, बायका डोळे पुसत म्हणत होत्या, काय नम्रता आहे माणसाची. मागच्या पडवीत चहा होता. तिथे दादांभोवती घोळका, आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी प्रसन्नता हळूहळू परत यायला लागली होती. करुणा माझ्या शेजारी कप घेऊन उभी होती. ती हळू बोलली, पण त्याच वेळी नेमकी सगळी गप्प झाली होती.

"पप्पांची साक्षपण किती छान झाली ना, आंटी? आता सगळ्यांना बरं वाटलं. दाखला तर अजून आलेलाच नाहीय."

दादांनी ऐकलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि घरी निघून गेले. मला क्षणभर त्यांची कीव आली आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, बरं झालं, कुणीतरी बोललं. इतक्या वर्षांत जे मला जमलं नाही ते त्या पोरीने चहा पिता पिता केलं.

सोमवारी सकाळी मी कामाला निघाले तर दादा गेटजवळ रिक्षाची वाट बघत उभे. पांढरा शर्ट नव्हता, घरातलाच चौकड्याचा होता. कानाला फोन. माझ्याकडे पाठ होती.

"हो, कळलं. ताप आहे ना? डॉक्टरला दाखवलं का? दाखवा आधी. नाही, आज मी नाही येऊ शकत. तुम्ही घरचे बसा आणि करा प्रार्थना, तुमचीपण ऐकतो तो." मग थोडं थांबून, "मला काम आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांना हाक मारली नाही.

त्या दिवशी खडवलीची शाळा कशासाठी तरी बंद होती. मंगळवारी मुख्याध्यापक नव्हते. बुधवारी प्रतिज्ञापत्र राहिलं म्हणून परत पाठवलं. गुरुवारी दाखला मिळाला. चार दिवसांचं काम. एका मुलीचं वर्ष चार दिवसांच्या कामासाठी गेलं. ते चारही दिवस दादा गेले, एवढं मात्र लिहायला हवं. संध्याकाळी ते दमून यायचे, पायरीवर बसायचे, आणि कुणाला काही सांगायचे नाहीत.

पुढच्या वर्षी करुणाला प्रवेश मिळाला, कल्याणला नव्हे, आणखी लांब. दादा बदलले असं मी म्हणणार नाही. माणूस इतका कुठे बदलतो? 'प्रार्थनेत ठेवलंय' ते म्हणायचेच. फक्त त्यापुढे अडखळायचे आणि 'उद्या जातोय' असं जोडायचे, आणि दहापैकी चार वेळा जायचेही. उरलेल्या सहा वेळांचा मला राग येतच राहिला. मीही शुक्रवारी विनंती लिहून झाली की विचारायला लागले, "यासाठी कोण जाणार?" मंडळीला हे फारसं आवडलं नाही. दोन कुटुंबं शुक्रवारची यायची बंद झाली. आम्हाला प्रार्थना हवी असते, ऑफिस नको, असं त्यांनी मला कळवलं.

दादांना मी शेवटचं पाहिलं ते कळव्याच्या रुग्णालयात. करुणा तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती, रजा काढून आलेली. दादांची डावी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. रविवारची उपासना आटोपून आम्ही सात-आठ जण पाळकांबरोबर गेलो. कोणतं गीत म्हणायचं, कुणी वचन वाचायचं, हे मी रिक्षातच वाटून दिलं होतं. आम्ही खाटेभोवती उभे राहिलो, पाळकांनी डोळे मिटले, सुरुवात केली, आणि दादांनी उजवा हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "आधी तिचं होऊ दे."

करुणा बाह्या वर करून मागे उभी होती. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची असे, आणि वेळ झाली होती. आम्ही बाजूला झालो, भिंतीला लागून उभे राहिलो. तिने एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि तो एवढा माणूस अलगद वळवला. पाठ पुसली, चादरीची सुरकुती काढली, उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवली. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. वहिनी पायथ्याशी उभ्या राहून फक्त तिच्या हातांकडे बघत होत्या.

आमच्या सगळ्यांच्या हातात गीतपुस्तकं होती आणि करण्यासारखं काही नव्हतं. मला ते असह्य झालं. "करुणा, मी काय करू गं?" मी विचारलं. असं विचारलं की 'काही नको आंटी, तुम्ही फक्त प्रार्थना करा' हे उत्तर ठरलेलं असतं, आणि खरं म्हणजे मी त्याच उत्तरासाठी विचारलं होतं.

तिने वाकून खाटेखालून भरलेला युरिन पॉट काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हा रिकामा करून, धुवून आणा. बाहेर डाव्या हाताला, शेवटचं दार."

मी गीतपुस्तक पाळकांच्या हातात दिलं, रविवारच्या साडीचा पदर खोचला आणि पॉट घेऊन दोन्ही बाजूंच्या खाटांमधून चालायला लागले. वॉर्डाच्या दारात वळून पाहिलं. दादांची कूस आता माझ्याकडे होती, आणि तोंडाच्या ज्या बाजूने हसता येत होतं त्या बाजूने ते हसत होते.